थोरलीचे स्नायू

केतकीला बघायला आलेल्या घाणेकरकाकूंनी तिचा चेहरा नंतर पाहिला, आधी पोटरी दाबून पाहिली.

"घट्ट आहे हं! खो-खोचा फायदा!" काकू खूश झाल्या. "लग्नानंतर ह्यांच्या शरीराशी जोडलेली स्नायूपट्टी हिच्या मनगटावर. रोज दोन तास ही पळेल आणि तिकडे ह्यांची साखर उतरेल."

शेजारी बसलेले काका तिसरा गुलाबजाम मन लावून खात होते.

"आणि माझे स्नायू?" केतकीने विचारलं.

"झिजतात थोडे. थोरल्या सुनेने सहा वर्षं पट्टी बांधली, कधी तक्रार नाही."

ती थोरली सून, स्नेहल, भिंत धरत धरत आत आली होती. आता तिला सोफ्यावरून उठताही येईना.

केतकी नवऱ्यामुलाकडे वळली. "तुमच्या पोटऱ्या काय शोभेच्या आहेत?"

"मला ऑफिस असतं ना," तो पुटपुटला.

केतकी उठली आणि तिने स्नेहलच्या मनगटावरची पट्टी टर्रकन ओढून काढली.

"अगं बये!" काकू किंचाळल्या. "आता ह्यांची साखर कोण उतरवणार?"

"आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे. काकांना जिन्याने न्या," केतकी म्हणाली. "स्नेहलवहिनी, तुम्ही बसा."