पहिला डोस

हाही माणूस खुर्ची मागे सारून उठला. “खरं सांगितलंत बाई, उपकार झाले. पण मी खऱ्या डोसापर्यंत थांबतो,” म्हणाला आणि भिंत चाचपत बाहेर पडला.

तिने त्याला अडवलं नाही. हळूहळू नजर गिळणाऱ्या त्या आनुवंशिक आजारावर तिने उपाय शोधला होता. बिघडलेल्या जनुकाची धड प्रत एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवायची आणि डोळ्यात सोडायची. प्रयोगशाळेतल्या आंधळ्या उंदरांना दिसू लागलं होतं. आता माणसं हवी होती. पण पहिला डोस अगदी नावापुरता, अपाय होत नाही ना एवढंच बघायला. त्याने दिसणार काहीच नाही. वर शरीर त्या विषाणूला कायमचं ओळखून ठेवणार आणि पुढे खरा डोस दिला की आत शिरण्याआधीच त्याचा फडशा पाडणार. म्हणजे पहिल्या माणसाने दुसऱ्यांसाठी दार उघडायचं आणि आपण जन्मभर बाहेर राहायचं.

“तेवढं शेवटचं गाळा ना,” सोबतचा डॉक्टर वैतागून म्हणाला. “अशाने कुणी यायचं नाही.”

“मग येईपर्यंत थांबू. गाळायचं नाही.”

आला तो दादा. तिचा थोरला भाऊ. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. याच आजाराने ऐन तारुण्यात त्याची नजर गेली, आणि तेव्हा शाळेत असलेल्या तिने मोठेपणी काय करायचं ते ठरवून टाकलं.

“तुला माणूस मिळेना म्हणे. मला घे.”

“वेडा आहेस का? तुझ्यासाठी तर हा सगळा खटाटोप केला मी! थोडी कळ काढ. तुला खराच डोस देते.”

“पहिला कुणी घेतलाच नाही, तर खरा येणार कुठून?”

ती भांडली, रडली, अबोला धरून बसली. दादा बधला नाही. बहीण म्हणून चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीने तिला बाहेर बसवलं. दुसऱ्या डॉक्टरने दादाला सगळं पुन्हा समजावलं, शेवटच्या वाक्यासकट. त्याने कागदावर पाटीसारखी ऐसपैस सही ठोकली.

डोस निर्धोक ठरला. दादाला काहीच दिसलं नाही. पण त्याच्यामागून माणसं येत गेली, डोस वाढत गेला, आणि काही वर्षांनी एका लहान मुलीच्या डोळ्यांवरची पट्टी तिने स्वतः सोडली. तिथून ती तडक दादाकडे गेली.

“काय म्हणाली गं पोर?”

“आईकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, आई, तुला मिशा आहेत!”

दादा पोट धरून हसला. मग तिच्या आवाजाच्या दिशेने वळला.

“आणि तू गं? मी बघितली तेव्हा दोन वेण्या घालायचीस. आता कशी दिसतेस?”

तिचा हात नकळत पिकल्या केसांवर गेला.

“ते मी नाही सांगणार. तुझ्या शरीराच्या ओळखीचा नाही असा दुसरा विषाणू शोधायला घेतलाय, दादा. कशी दिसते ते तूच बघून सांग.”