मंगळवारचं कारण

नर्स शेवंता तांडेलला मंगळवारची रजा दिली, की प्रसूती रुग्णालयाच्या ड्युट्यांचा तक्ता लालभडक व्हायचा. क्लार्क मोघ्यांनी पाच वेळा खटपट केली, पण संगणकावरच्या त्या तक्त्यातला फॉर्म्युला ऐकेल तर शपथ. इकडे शेवंताचा गाण्याचा वर्ग नेमका मंगळवारीच होता आणि नाव नोंदवायचा आज शेवटचा दिवस.

"त्यालाच विचारा की," शेवंता म्हणाली. "हल्ली फॉर्म्युले बोलतात ना? लिहिणाऱ्याच्या मनात तेव्हा काय होतं ते सांगतात म्हणे."

"सांगतात, पण झाकूनपाकून बोलत नाहीत. गेल्या महिन्यात त्यापायी दोन साहेबांचं बोलणं बंद झालं."

"तुम्ही विचारा हो."

मोघ्यांनी विचारलं. मंगळवारची ती अट लिहिलेली निघाली निवृत्त मेट्रन आरेकरबाईंनी. चौदा वर्षांत त्या शेवंताला एकदाही 'बरं केलंस' म्हणाल्या नव्हत्या. फॉर्म्युला त्यांच्याच खडूस सुरात म्हणाला, "मंगळवारी मोठे डॉक्टर दुसऱ्या गावी जातात. अडलेली बाई आली तर शेवंताच हवी. तिला कळू देऊ नये, डोक्यात हवा जाईल."

शेवंता बराच वेळ चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर आता मंगळवारी जातच नाहीत ना?"

"दोन वर्षं झाली, बुधवारी जातात."

"मग ती अट बुधवारवर न्या."

"काढूनच टाकतो की. नाहीतर दर बुधवारी अडकाल."

"अडकायचं काय त्यात?" शेवंता म्हणाली. "आता मला कारण माहीत आहे."