मार्गारेटची अंगठी

कळ आली तशी सिस्लीने मुठीतली अंगठी घट्ट आवळली आणि अंगठ्याने तिच्यावर कोरलेलं ड्रॅगनचं शेपूट चाचपू लागली. शेपूट काही सापडेना.

सकाळी सासूने, मॉडने, स्वतःच्या हाताने ती अंगठी दिली होती. "संत मार्गारेट आहे, पोरी. आमच्या घरातल्या सगळ्या बाळंतिणी हिनंच सोडवल्या. मुठीत धर आणि तिचं नाव घे." मार्गारेट म्हणजे ड्रॅगनने गिळलेली आणि त्याचं पोट फाडून धडधाकट बाहेर आलेली. इंग्लंडातल्या या नॉर्विच गावात बाळंतीण दुसऱ्या कुणाला हाक मारतच नाही. मार्गारेट कोरली की तिच्या पायाशी ड्रॅगन हवाच.

सोनं झिजलं असेल, अशी सिस्लीने मनाची समजूत घातली. पण कळ ओसरल्यावर तिने खिडकीच्या उजेडात मूठ उघडली. अंगठीवरच्या बाईचा चेहरा पार पुसला होता. शेजारचा बुरूज मात्र ठसठशीत होता, तीन खिडक्यांचा. हाच बुरूज ती दर रविवारी चर्चमधल्या रंगवलेल्या लाकडी पडद्यावर, दुसऱ्याच एका संतिणीशेजारी, बघत आली होती.

"ही बार्बरा आहे," ती म्हणाली.

सुईण हॅविस हात पुसता पुसता थांबली. बार्बरा कुणाची, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जो तिला आळवतो, त्याला मरणाआधी पाद्री भेटतो आणि अखेरचा प्रसाद मिळतो. एवढंच तिचं काम.

"संत ती संत," मॉड म्हणाली. "ह्या वेळी कसल्या चिकित्सा काढतेस?"

"मग मार्गारेट कुठंय, आई?"

कोपऱ्यात बसलेल्या मॉडच्या लेकीने, लेटिसने, हात हळूच बाहीत ओढून घेतला. तिला आत्ता कुठे पाचवा महिना लागला होता.

"हॅविसच म्हणाली, मूल आडवं आहे," मॉड शेवटी पुटपुटली. "आणि लेटिस आधीच नाजूक. तुला निदान पाद्री तरी वेळेवर मिळावा, म्हणून दिली. वाईट का चिंतलं मी तुझं?"

खालच्या स्वयंपाकघरातून खोकल्याचा आवाज आला. पाद्री येऊन बसलासुद्धा होता.

"त्याला म्हणावं, पोटभर जेव आणि घरी जा," हॅविस म्हणाली आणि तिने बाह्या सरसावल्या.

सिस्लीला रडू आलं नाही, संताप आला. पुढच्या कळा तिने दात खाऊन काढल्या. ना मार्गारेटला हाक मारली, ना बार्बराला. हॅविसने आत हात घालून मूल फिरवलं. दुपार कलता कलता मुलगी झाली. आधी निळी पडलेली, मग घर डोक्यावर घेणारी.

मॉडचे डोळे भरून आले. नात घ्यायला तिने दोन्ही हात पुढे केले.

सिस्लीने बाळ छातीशीच ठेवलं. सासूच्या पसरलेल्या तळव्यावर तिने अंगठी ठेवली आणि तिची बोटं एकेक करून मिटवली.

"जपून ठेवा, आई," ती म्हणाली. "तुम्हाला लागेल."