माणसांच्या चालीनं

गिरगावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात अपूर्वानं दोन रेडिएटर शेजारी शेजारी ठेवले होते. एक चकचकीत ॲल्युमिनियमचा, दुसरा जाडजूड तांब्याचा.

"ॲल्युमिनियमचाच न्या," दुकानदार तिच्या डोक्यावरून पप्पांना म्हणाला. "हलका आहे. साठच्या स्पीडला वारा लागला की तुमची जुनी जीप एकदम थंड. घाटात घाला, चिखलात घाला."

"मला काय सांगता? तिला सांगा," पप्पा म्हणाले. "दहावीचा शेवटचा पेपर देऊन आली ती थेट जीपखाली शिरलीय."

"काका, साठचा स्पीड आम्हाला मिळणारच नाही," अपूर्वा म्हणाली. "भर उन्हात चार तास, चालणाऱ्या माणसांच्या मागे. वारा नाही, सगळी मदार पंख्यावर. हा जाडा द्या, आणि पंख्याभोवतीचं कव्हरपण."

"जीप आहे की बैलगाडी?"

"चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तिच्यावर बाबासाहेबांची तसबीर असते. गेल्या वर्षी उकळली, पोरांनी दादरपर्यंत ढकलत नेली. यंदा उकळली तर पुढच्या वर्षीपासून टेम्पो, असं कमिटीनं सांगितलंय."

दुकानदारानं ॲल्युमिनियमचा रेडिएटर परत फळीवर ठेवला.

दरवर्षी मिरवणुकीत जीप चालवताना पप्पांची अर्धी नजर समोरच्या पाठींवर असायची, अर्धी इंजिनच्या तापमानाच्या काट्यावर, आणि ओठ घट्ट मिटलेले. यंदा काटा निम्म्यावरच बसून राहिला. भोईवाड्याच्या नाक्यावर अपूर्वानं जन्मात पहिल्यांदा पप्पांना मिरवणुकीत "जय भीम" म्हणताना ऐकलं.