भोंगा पुन्हा स्टेजवर

मुखडा संपला, पोरीने अंतऱ्यासाठी श्वास भरला, तेवढ्यात थोरल्या भावाने गिटारवर असा काही तुकडा सुरू केला की तिला तोंड मिटावं लागलं.

ड्रमवर बसलेल्या बापाला बरं वाटलं. आदल्या दिवशी त्यानेच पोराला बाजूला घेऊन बजावलं होतं, बहिणीला मध्ये मध्ये दम खाऊ दे. कॅन्सरचे उपचार संपवून ती पहिल्यांदाच स्टेजवर उभी होती. डोक्यावर नुकतं उगवलेलं केसांचं रान, अंगात सैल झालेला जुना चमकीचा कोट. घरच्या बँडची ही एकुलती एक गायिका. जन्मल्यावर तिने पहिला टाहो फोडला, तर म्हणे पलीकडच्या कारखान्यातले कामगार जेवायची सुट्टी झाली समजून डबे उघडून बसले. तेव्हापासून घरात ती भोंगा. अर्थात ही गोष्ट सांगणारा तिचा बापच; निम्मे कामगार त्याने पदरचे घातले असणार.

गोची अशी झाली की कीबोर्डवरच्या आत्यानेही मनाशी तेच ठरवलं होतं. गिटार थांबली तशी ती सुटली. एरवी दोन सुरांत परतणारी बाई, आज सगळा मुलूख फिरून आली. ती दमली, तर बापाला राहवेना. त्याने ड्रम असे बडवले की मागचा पडदा घाबरून एका बाजूला सरकला. टाळ्या पडल्या. पोरगी माईक धरून उभी, मोठ्यांच्या गप्पा कधी संपतात याची वाट बघणाऱ्या लहान मुलासारखी. मग तिचा एक अंतरा झाला न झाला, बापाने गाणं गुंडाळलं. आत्याने लगबगीने तिच्यामागे स्टूल सरकवलं.

ती बसली नाही. वळली. माईक चालूच होता.

"बाबा, डॉक्टरांनी मला केव्हाच सोडलं. तुम्ही कधी सोडताय?"

हॉल हसला. थोरला खाली मान घालून गिटारच्या खुंट्या पिळू लागला, जणू चूक त्यांचीच होती. पोरीने गाण्याचं नाव सांगितलं. नेमकं तेच, जे बापाने आजच्या कार्यक्रमातून गुपचूप उडवलं होतं. त्याच्या शेवटी एकच सूर लांबवर न्यायचा असतो, आणि तिच्या छातीत तेवढा दम उरलाय की नाही, हे विचारायची बापाची छाती नव्हती.

"पुढच्या वेळी घेऊ," तो पुटपुटला.

"पुढच्या वेळीही घेऊ," ती म्हणाली.

मग ती गायली. आवाज पूर्वीपेक्षा जाड झाला होता, जरा खरखरीत. मध्ये एकदा श्वास तुटला. आत्याचा हात मदतीला निघाला आणि तसाच मागे आला. भोंग्याने श्वास घेतला, ओळ पुन्हा धरली आणि पुढे निघाली. कोणी मध्ये घुसलं नाही.

शेवटचा सूर लागला. या बँडची रीत अशी की तो सूर ती सोडेल तेव्हाच ड्रमचा ठोका पडायचा. बापाने दोन्ही काठ्या वर उचलल्या. गिटारची तार विरली. कीबोर्ड गप्प झाला. सूर चालूच. मागच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली, दारातला पहारेकरी काम सोडून आत आला, बाहेरची कुत्री म्हणे भुंकायची थांबली. सूर चालूच.

"हात भरून येतील रे दादा," आत्या हळूच म्हणाली.

पोरीने गाता गाताच वळून बापाकडे पाहिलं. डोळ्यांत हसली, आणि सूर आणखी पुढे नेला.

बापाने काठ्या अजून वर नेल्या.