चौथी ओळ

मराठी लिहायचं ते सॉफ्टवेअर मी एकटीनं दोन वर्षं खपून बनवलं. मंगळवार पेठेतल्या ऑफिसचे मालक पृथ्वीराज सर, त्यांनी मला कामावरनं काढलं आणि कोडमधलं माझं नावही स्वतःच्या हातानं पुसलं. कोड त्यांना कळत नव्हता, पण नाव पुसायला काय लागतं?

पुढच्याच आठवड्यात सॉफ्टवेअर बिघडलं. फाईल उघडली की शीर्षकं, परिच्छेद, सगळा एकच गोळा. माझ्या जागेवर आलेल्या प्रभुलिंगनं चार दिवस शोधलं, मग सरांचा फोन आला.

"शांभवी मॅडम, जरा अडचण हाय. तेवढं बघून जावा की."

आधी मी नुसती 'ए शांभवी' होते.

जयसिंगपूरहून एसटीनं गेले. पाच मिनिटांत सापडलं. कोडच्या सुरुवातीला टीप होती, माणसांनी वाचायची, मशीननं सोडून द्यायची. टिपेच्या शेवटी, चौथ्या ओळीत, माझं नाव आणि नावापुढं टीप संपल्याची खूण. सरांनी नावाबरोबर खूणही पुसली होती. त्यामुळं खालचे शीर्षक-परिच्छेदांचे नियमसुद्धा टीपच समजून मशीन सोडून देत होतं.

"सर, सगळ्यांना बोलवा," मी म्हटलं. "आता चौथ्या ओळीत माझं पूर्ण नाव टाइप करा, गावासकट. त्यापुढं ही खूण द्या."

अख्ख्या ऑफिससमोर सरांनी एका बोटानं टाइप केलं. फाईल उघडली, शीर्षकं जागेवर आली. प्रभुलिंग खाली मान घालून हसत होता.



नुसती खूण दिली असती, तरी भागलं असतं.