तिन्ही भाग

जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्या कादंबरीचे तिन्ही भाग एकदम हाती लागले, तेव्हा धाकट्याचा आनंद पोटात मावेना. ताई कित्येक वर्षं त्यांच्या शोधात होती. विक्रेत्यानेही मातीमोल भावात देऊन टाकले. तो धावतपळत दवाखान्यात पोचला.

ताईने उशीला टेकून एकेका भागावरची धूळ हाताने पुसली, पानं नाकाशी नेली. "अरे, हे घबाड मिळालं कुठं तुला?"

"ते सोड. तू नुसती पडून राहा, मी रोज थोडंथोडं वाचून दाखवतो." त्याने पहिला भाग उघडला.

ताईने तो हळूच मिटला आणि तिसरा त्याच्या हातात दिला.

"सकाळी डॉक्टर सगळं स्पष्ट बोलून गेलेत," ती म्हणाली. "इथून वाच, राजा. शेवट तरी कळू दे मला."